सणाची तारीख दरवर्षी का हलते आणि ती आधीच कशी ओळखायची

आमच्या सोसायटीत दर डिसेंबरला पुढच्या वर्षाचं हॉल बुकिंगचं कॅलेंडर बनवायचं काम माझ्याच गळ्यात पडतं, का तर एका वर्षी मी हौसेने केलं होतं. त्यात गणपती, ईद, नाताळ, नवरोज, बुद्ध पौर्णिमा सगळं असतं कारण बिल्डिंगमध्ये सगळेच आहेत. आणि २०२४ ला मी मोठ्ठी माती खाल्ली. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये दिवाळी ३१ ऑक्टोबर दिसली, मी तशीच नोटीस लावली, रोषणाईवाल्याला तीच तारीख सांगितली. दुसऱ्या दिवशी बघते तर तळमजल्यावरच्या आजींनी नोटीस बोर्डावर लाल पेनाने माझी तारीख खोडून "लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबर" असं लिहून ठेवलेलं, खाली सही पण! आजींचं बरोबर होतं. म्हणजे महाराष्ट्रापुरतं बरोबर होतं, आणि मोबाईलही खोटं बोलत नव्हता. हे दोन्ही एकदम कसं काय खरं असू शकतं ते शोधता शोधता मी जे शिकले ते इथे लिहून ठेवतेय, तुमच्याही कामाला येईल.

पहिलं काम, तारखा पाठ करत बसू नका. लागोपाठच्या तीन-चार वर्षांची भिंतीवरची कॅलेंडरं काढा (आमच्याकडे रद्दीत मिळतात, लोक त्यावर दुधाचा हिशोब लिहितात म्हणून टाकत नाहीत) आणि एकेका सणाची तारीख शेजारी शेजारी लिहा. तारीख कशी हलते त्यावरून सणाची जात लगेच कळते.

गणपतीच घ्या. २०२२ ला ३१ ऑगस्ट, २०२३ ला १९ सप्टेंबर, २०२४ ला ७ सप्टेंबर, २०२५ ला २७ ऑगस्ट, २०२६ ला १४ सप्टेंबर. दोन वर्षं अकरा-बारा दिवस मागे मागे आणि मग एकदम अठरा-एकोणीस दिवस पुढे उडी. आता रमजान ईद बघा, आपल्याकडे २०२२ ला ३ मे, मग २२ एप्रिल, मग ११ एप्रिल, २०२५ ला ३१ मार्च. नुसतं मागे मागे मागे, उडी नाहीच. संक्रांत १४ नाहीतर १५ जानेवारी, जागची हलत नाही. आणि पारशी नवरोज २०२३ पर्यंत १६ ऑगस्टला होता, २०२४ पासून १५ ला आला, म्हणजे चार वर्षांतून एकदा फक्त एक दिवस मागे. बस, चार नमुने झाले, जवळजवळ सगळे सण यातल्या कुठल्या तरी एकात बसतात.

यामागचं गणित शाळेतलंच आहे. एका अमावस्येपासून दुसऱ्या अमावस्येपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ चं. फरक साधारण ११ दिवसांचा. आता प्रत्येक धर्माने या ११ दिवसांचं काय करायचं ते आपापलं ठरवलंय, सगळी भानगड तिथे आहे. हिंदू पंचांग म्हणतं साचू दे, साधारण ३२-३३ महिन्यांनी एक अख्खा महिना जास्तीचा घालू, तोच अधिक महिना, ज्यात जावयाला अनारसे मिळतात. ज्यू कॅलेंडर पण तेच करतं, फक्त त्यांनी १९ वर्षांत ७ जादा महिने असं पक्कं बांधून टाकलंय. इस्लामी कॅलेंडर म्हणतं काहीच करायचं नाही, सरकू दे, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात कधी थंडीत आणि ३२-३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून परत तिथेच येतो. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात रमजान दोनदा सुरू होणार आहे, जानेवारीत एकदा आणि डिसेंबरच्या शेवटी परत.

हे कळलं की एक कोडं आपोआप सुटतं. २०२३ ला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद दोन्ही २८ सप्टेंबरला आले, मुंबईत मिलादचा जुलूस दुसऱ्या दिवशी काढला. २०२४ ला विसर्जन १७ सप्टेंबरला, मिलाद त्याच्या आदल्या दिवशी, सरकारने मुंबईत मिलादची सुट्टी १८ ला ढकलली. २०२५ ला परत ५ आणि ६ सप्टेंबर, परत सुट्टी हलवली. लोकांना वाटलं हे आता कायमचंच. नाही हो, दोन्ही चंद्राचे सण, दोघेही वर्षाला अकरा अकरा दिवस मागे येत होते म्हणून एकत्र चालत होते. २०२६ ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे अनंत चतुर्दशी उडी मारून २५ सप्टेंबरला गेली आणि मिलाद अकरा दिवस मागे ऑगस्टच्या शेवटी. झाली ताटातूट.

अधिक महिना कुठे घालायचा ते पण मनाला येईल तसं नाही. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे संक्रांत येत नाही, तो अधिक. २०२६ ला १७ मेच्या पहाटे अमावस्या संपते, पुढची १५ जूनला सकाळी, आणि सूर्य मिथुनेत जातो तो त्याच दिवशी अमावस्या संपल्यावर काही तासांनी. थोडक्यात हुकलं म्हणून महिना अधिक झाला! कोकणात काही घरं टिळक पंचांग पाळतात, त्यांची राशीचक्राची सुरुवात वेगळ्या ठिकाणी धरलेली असल्याने त्यांची संक्रांत काही दिवस आधी येते, मग कधीकधी अधिक महिनाच वेगळा पडतो आणि गणपती महिनाभर पुढेमागे होतो. सासर एका पंचांगाचं आणि माहेर दुसऱ्याचं असेल तर त्या वर्षी गणपतीला दोन्हीकडे जाता येतं, हा फायदा कोणी सांगत नाही.

एक शॉर्टकट सांगते, मला फार आवडतो. १९ सूर्यवर्षं आणि २३५ चांद्र महिने जवळजवळ तंतोतंत सारखे भरतात. म्हणून तिथीचा सण साधारण १९ वर्षांपूर्वीच्याच तारखेला येतो, फार तर एखाददुसरा दिवस इकडेतिकडे. २००५ चा गणपती ७ सप्टेंबर, २०२४ चाही ७ सप्टेंबर. २००६ चा २७ ऑगस्ट, २०२५ चाही तोच. तुमची तिथी आणि तारीख १९ व्या वाढदिवसाला आणि ३८ व्या वाढदिवसाला भेटते ती यामुळेच. अधिक महिना काठावर असेल तर हा शॉर्टकट महिनाभर गंडू शकतो, त्यामुळे अंदाजापुरताच ठेवा, हॉलचं डिपॉझिट भरू नका त्याच्यावर.

आता तिथीची बारीक गोष्ट, जिथे माझी दिवाळी चुकली. तिथी म्हणजे दिवस नाही. सूर्यापासून चंद्र १२ अंश पुढे सरकला की एक तिथी संपते, आणि चंद्र कधी भरभर कधी हळू चालतो म्हणून तिथी साधारण १९ तासांचीही असते आणि २६ तासांचीही. ती कधी दुपारी पावणेदोनला सुरू होते, कधी पहाटे चारला संपते, तिला घड्याळाचं काही पडलेलं नाही. मग अमुक तारखेला कुठली तिथी म्हणायची? नेहमीचा नियम असा की सूर्योदयाला जी असेल ती. पण सणांना हा नियम सरसकट लागत नाही. ज्या सणाची पूजा ज्या वेळेची, त्या वेळेला तिथी हवी. गणेश चतुर्थी आणि रामनवमीला मध्यान्ह बघतात, दसऱ्याला दुपारनंतरचा अपराण्हकाळ, होळीला आणि लक्ष्मीपूजनाला प्रदोष म्हणजे सूर्यास्तानंतरचा वेळ, जन्माष्टमी आणि महाशिवरात्रीला मध्यरात्र, संकष्टीला चंद्रोदय. म्हणून जन्माष्टमी आणि गोपाळकाला असं दोन दिवसांचं होतं, आणि संकष्टी कधीकधी कॅलेंडरमध्ये तृतीयेच्या चौकोनात छापलेली दिसते. ती छपाईची चूक नसते, दिवस तृतीयेचा असला तरी रात्री चंद्र उगवेपर्यंत चतुर्थी लागलेली असते.

तर २०२४ ची अमावस्या ३१ ऑक्टोबरला दुपारी चारच्या सुमाराला लागली आणि १ नोव्हेंबरला संध्याकाळी सव्वासहाला संपली. ३१ ला अख्खा प्रदोष आणि अख्खी रात्र अमावस्या. १ ला सूर्यास्तानंतर मिनिटं मोजून. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी म्हणाले पूर्ण प्रदोष मिळतोय तो दिवस घ्या, ३१. महाराष्ट्रातल्या पंचांगकर्त्यांनी असा नियम लावला की दोन्ही दिवशी प्रदोषात थोडी तरी अमावस्या असेल तर दुसरा दिवस घ्यायचा, १ नोव्हेंबर. शेअर बाजाराचं मुहूर्त ट्रेडिंगही १ लाच झालं. २०२५ ला परत तोच घोळ, तिकडे २० आणि इकडे २१ ऑक्टोबर, पण यावेळी मी शहाणी झाले होते, आधी आजींना विचारलं. तेव्हा मोबाईलचं ॲप वापरायचं असेल तर खुशाल वापरा, फक्त सेटिंगमध्ये आपलं शहर टाका आणि नियम कुठल्या प्रांताचा लावतायत ते एकदा बघा, नाहीतर ते दिल्लीची दिवाळी डोंबिवलीत साजरी करायला लावेल.

शहराचा मुद्दा हलका समजू नका. २०२६ चा पाडवा १९ मार्चला आहे. त्या दिवशी अमावस्या सकाळी ६ वाजून ५२ मिनिटांनी संपते, मुंबईचा सूर्योदय ६.४५ च्या आसपासचा. म्हणजे सूर्योदयाला अजून अमावस्याच. आणि प्रतिपदा दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आतच, पहाटे पाचच्या आधी, संपूनही जाते. अशा तिथीला क्षय म्हणतात, तिला एकही सूर्योदय मिळाला नाही बिचारीला. पण पाडवा तर करायलाच हवा ना, म्हणून तो १९ लाच. आता गंमत अशी की द्वारका आपल्यापेक्षा पश्चिमेला, तिथे सूर्य मुंबईच्या पंधरा एक मिनिटं उशिरा उगवतो, त्यामुळे तिथल्या सूर्योदयाला प्रतिपदा लागलेली असते आणि तिथे क्षयबिय काही नाही! परदेशात तर अख्खा दिवस बदलतो. २०२५ ची चतुर्थी आपल्याकडे २६ ऑगस्टला दुपारी १.५४ ला लागली आणि २७ ला दुपारी ३.४४ ला संपली. न्यू जर्सीच्या घड्याळात हेच २६ च्या पहाटे ४.२४ ते २७ च्या सकाळी ६.१४. म्हणजे तिकडे मध्यान्हीला चतुर्थी २६ लाच, आपल्या आधी एक दिवस. माझी आतेबहीण तिकडे असते, तिचा आईशी दरवर्षी फोनवर हाच वाद, आई म्हणते आमचं कॅलेंडर सांगतं २७, आणि शेवटी ती शनिवारी मंडळात जाऊन मोकळी होते.

अजून एक, उत्तर भारतातल्या शेजाऱ्यांचा श्रावण आपल्या पंधरा दिवस आधी का सुरू होतो? कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावस्येला. शुक्ल पक्षात महिन्याचं नाव दोघांचं सारखंच असतं, वद्य पक्षात त्यांचा महिना एक पुढे. आपण श्रावण वद्य अष्टमीला जन्माष्टमी करतो, ते भाद्रपद कृष्ण अष्टमीला करतात, दिवस मात्र एकच. फक्त सोमवारचे उपास वेगळे पडतात.

ईदचं वेगळं आहे, तिथे गणितापेक्षा डोळा मोठा. महिना २९ चा की ३० चा हे २९ व्या दिवशी संध्याकाळी चंद्रकोर दिसते की नाही त्यावर ठरतं. कोर दिसली तर दुसऱ्या दिवशी पहिली तारीख, नाही दिसली तर ३० पूर्ण करायचे. सौदीची ईद बहुतेक वेळा आपल्या एक दिवस आधी असते, २०२३, २४, २५ तिन्ही वर्षं तसंच झालं. त्याचं एक कारण भूगोलातच आहे, तिथे सूर्यास्त आपल्यानंतर साधारण दोन तासांनी होतो, तेवढ्यात चंद्र सूर्यापासून आणखी थोडा लांब गेलेला असतो. आणि सगळे मुस्लिम डोळ्यानेच बघतात असंही नाही हां. बोहरी समाजाचं कॅलेंडर गणिताने बांधलेलं, ३० वर्षांत ११ लीप वर्षं, म्हणून त्यांची ईद कधी होणार ते वर्षभर आधीच माहीत असतं आणि ती बाकीच्यांच्या एक-दोन दिवस आधी पडते. बुकिंगसाठी लक्षात ठेवायची युक्ती अशी, रमजान ईद महिन्याच्या पहिल्या तारखेची म्हणून तिला कायम दोन दिवस राखून ठेवायचे, पण बकरी ईद दहाव्या तारखेची, मोहरमचा आशुरा पण दहावा, मिलाद बारावी. यांचा चंद्र आधी दिसून गेलेला असतो, तारीख आठवडाभर आधी पक्की कळते.

ख्रिस्ती सणांत नाताळ सरळ, २५ डिसेंबर. (रशियाकडचे ऑर्थोडॉक्स लोक ७ जानेवारीला करतात कारण त्यांचं चर्च जुनं ज्युलियन कॅलेंडर धरून बसलंय, ते आता १३ दिवस मागे आहे.) खरी मजा ईस्टरची. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. म्हणजे ईस्टर काढायला आपलं भिंतीवरचं कॅलेंडरच पुरतं, होळीची पौर्णिमा २१ मार्चनंतर असेल तर ती धरा, आधी असेल तर हनुमान जयंतीची. २०२४ ला होळी २४ मार्चला, ईस्टर ३१ ला. २०२६ ला हनुमान जयंती २ एप्रिल, गुरुवार, तर ईस्टर ५ ला आणि गुड फ्रायडे ३ ला. फक्त एक काळजी घ्या, चर्च आकाशातली पौर्णिमा बघत नाही, त्यांचा स्वतःचा जुना तक्ता आहे. २०२५ ला हनुमान जयंती १२ एप्रिल शनिवारी होती, माझ्या युक्तीने ईस्टर १३ ला यायला हवा होता, पण तक्त्यात पौर्णिमा १३ तारखेची, रविवारचीच, आणि नियम म्हणतो पौर्णिमेनंतरचा रविवार, म्हणून २० एप्रिल. तेव्हा पौर्णिमा शनिवार-रविवारच्या जवळ असेल तर चर्चच्या यादीशी ताडून बघायचंच. गोव्याला कार्निव्हलला जायचं असेल तर ईस्टरपासून ४६ दिवस मागे मोजा, तो ॲश वेन्सडे (ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस), त्याच्या आधीचे चार दिवस, शनिवार ते मंगळवार, कार्निव्हल. २०२६ साठी १४ ते १७ फेब्रुवारी. हॉटेलं महाग व्हायच्या आत मोजा.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल लोकांनी तर ज्यू सणांना मराठी नावंच दिली, रोश हशानाला नव्याचा सण आणि पुरीमला होळीचा सण. उगाच नाही दिलं, पुरीम त्यांच्या अदार महिन्याच्या १४ तारखेला येतो, म्हणजे पौर्णिमेच्या तोंडावर, आणि २०२४, २०२५, २०२६ तिन्ही वर्षं तो होळीच्याच आसपास आहे.

पारशांचं सगळ्यात सोपं. ३०-३० दिवसांचे १२ महिने आणि शेवटी ५ गाथांचे दिवस, एकूण ३६५, लीप वर्ष नाही. त्यामुळे इंग्रजी कॅलेंडरला २९ फेब्रुवारी आला की ते एक दिवस मागे पडतात. २०२७ पर्यंत १५ ऑगस्ट, २०२८ ला १४. आणि कृपा करून नवरोजला "पतेती मुबारक" म्हणू नका, पतेती आदल्या दिवशी असते आणि ती पश्चात्तापाची. मी स्वतः कितीतरी वर्षं म्हणत होते, आंटी हसून घ्यायच्या.

जयंत्यांना वेगळा खण ठेवा, कारण तिथे तारीख की तिथी हा वाद कायम. शिवजयंती सरकारी १९ फेब्रुवारी, तिथीने फाल्गुन वद्य तृतीया. आणि १९ फेब्रुवारी १६३० ही पण ज्युलियन कॅलेंडरची तारीख, आजच्या कॅलेंडरने तो दिवस १ मार्च येतो, हे बोर्डावर लिहिलं तर माझी नोटीस परत लाल होईल म्हणून लिहीत नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचंही तसंच, १४ ऑक्टोबर १९५६ ला दसरा होता, म्हणून दीक्षाभूमीवर गर्दी दसऱ्यालाही होते आणि १४ ऑक्टोबरलाही लोक जातात. आमच्या यादीत दोन्ही असतात. भांडण नको.

तर आता २०२६ ची यादी करायला बसलेय. मार्चपाशी येऊन थांबले, कारण पाडवा १९ ला म्हणजे अमावस्या संपली त्याच दिवशी, आणि रमजान ईद त्याच अमावस्येनंतर पहिली कोर दिसली की. एकच चंद्र, दोन सण, एकाच आठवड्यात. सरकारी यादीत ईद २१ मार्च आहे, १९ च्या संध्याकाळी चंद्र जेमतेम बारा तासांचा असेल, दिसणं कठीण. तरी हॉल २० आणि २१ दोन्ही दिवस धरून ठेवलाय, पेन्सिलीने. दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांना विचारलं, चालेल ना? म्हणाले, "हॉलचं काय ते तुम्ही बघा ताई, शीरखुर्म्याचं दूध मी २० च्या रात्रीचं सांगून ठेवतो. ईद आधीच झाली तर चहा करू."